कमानपाटे

गाडीचं मागचं अंग लाकडी ठोकळ्यांवर उचललेलं होतं, दोन्ही चाकं काढून लिंबाच्या बुंध्याला टेकवली होती, आणि वैजनाथ मिस्त्री गाडीखालून सांगत होता की एका बाजूची पिन गंजून आत चिकटलीय, गॅसनं कापावी लागेल. म्हणजे गाडी दुपारी मिळणार नव्हती. मी त्याला बरं म्हटलं आणि रिक्षा बघायला रस्त्यावर आले. आक्कांचं डायलिसिस संपत आलेलं असणार. ती वेळ मला घड्याळ न बघता कळायची. दीड वर्ष दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तेच करत आले होते.

आक्का म्हणजे प्रयाग, माझी थोरली नणंद. आमचं घर निलंग्यात, दवाखाना लातूरला. गाडी माझ्या नवऱ्याची, व्यंकटची; जुनी अँबॅसडर. लग्नाचे वऱ्हाडी, माहेरवाशिणी, बाळंतिणी, कुणाचीही तिच्यातून ने-आण करायचा. तो असताना हौसेनं त्यानं मला चालवायला शिकवली होती. तो अचानक गेला, एका दुपारी, जेवता जेवता. गाडी विकावी असं सगळे म्हणाले. मी विकणार होतेही, पण तेवढ्यात आक्कांच्या पायांवर सूज आली आणि लातूरच्या डॉक्टरांनी किडन्या गेल्याचं सांगितलं. मग गाडी राहिली.

आम्हाला मूल झालं नाही. आक्कांचा संसार तर दोन वर्षांतच मोडला होता. त्या नर्सची नोकरी घेऊन माहेरी आल्या त्या कायमच्या. व्यंकटला त्यांनीच शिकवलं, माझं स्थळही त्यांनीच बघितलं. घरात तिघं होतो, मग दोघी उरलो. आमचं फार गूळपीठ होतं असं कुणी समजू नये. वीस वर्षांत आक्कांनी मला एकदाही नाव ठेवलं नाही आणि एकदाही शाबासकी दिली नाही. हात धुतलेस का, दूध उकळलंस का, असंच आमचं बोलणं.

घराच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बंद. पहाटे उठायचं, आक्कांना मागच्या सीटवर उशा लावून निजवायचं आणि निघायचं. त्या काळी लातूरपर्यंतचा रस्ता रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला होता. शिवाय प्रत्येक गावानं आपापल्या वेशीला सिमेंटचे उंचच्या उंच गतिरोधक घातलेले. आमची गाडी मागून इतकी बसली होती की चाक आणि पत्रा यांच्यात मूठ शिरत नव्हती. प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासायचं. तो आवाज मला दाढांमध्ये जाणवायचा. आक्का कण्हायच्या नाहीत. डोळे मिटून उजव्या हातानं दाराची कडी धरायच्या. डावा हात सुया टोचून टोचून दोरखंडासारखा झाला होता, तो छातीशी.

गणपतीच्या सुमारास एकदा परत येताना गाडी गतिरोधकावर टेकून अडकलीच. मागची चाकं जागेवर फिरायला लागली. वजन कमी करायला आक्कांना खाली उतरावं लागलं. चार तास मशीनवर राहून आलेली बाई. बाभळीला धरून उभी राहिली आणि उलट्या करत राहिली, आणि रस्त्यावरच्या माणसांनी गाडी ढकलली. त्या दिवशी मी ठरवलं की याचं काहीतरी करायचं.

निलंग्यातल्या मेकॅनिकनं सांगितलं, हे माझं काम नाही, कमानपाटेवाल्याकडं जा. लातूरच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला वैजनाथ पांचाळचं पत्र्याचं शेड होतं. त्यानं गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाटे पार बसलेत, बाई."

पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादाच्या पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या. गाडीचं सगळं मागचं वजन त्यांच्यावर. आमच्या पट्ट्या ताठ झाल्या होत्या, कमान उरलीच नव्हती. तो म्हणाला, ठोकून कमान चढवून देतो, पण सहा महिन्यांत परत बसतील. त्यापेक्षा त्याच्याकडं अपघातात गेलेल्या एका गाडीचे पाटे होते, जाड, एक पट्टी जास्तीची. ते घातले तर गाडी चार बोटं वर येईल.

"पण कडक होईल," तो म्हणाला. "रिकामी असली की उडंल. मागं काहीतरी वजन टाकत जावा."

वजनाची मला काय कमी होती. गिरणीत ज्वारीची पोती होती. काम लातूरलाच करून घ्यायचं, आक्कांना दवाखान्यात सोडायचं, त्या मशीनवर असेपर्यंत पाटे बदलून होतील, असा माझा हिशेब. आक्कांना मी नुसतं सांगितलं. त्या बघ म्हणाल्या.

तर त्या दिवशी मी रिक्षानं दवाखान्यात पोचले तेव्हा आक्का वजनकाट्यावरून उतरत होत्या. हाताला पट्टी, ओठ पांढरे. गाडी अजून झाली नाही, थोडं थांबावं लागेल, असं मी सांगितलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. डायलिसिसनंतर त्यांना फक्त पडून राहायचं असायचं. पण त्या म्हणाल्या, चल, बघू तरी काय चाललंय.

मिस्त्रीनं लिंबाखाली बाज टाकली, वर वाकळ अंथरली. आक्का कुशीवर निजल्या, तोंड गाडीकडं. दसरा होऊन गेला होता, ऊन कडक होतं, सावली मात्र चांगली होती. जुने पाटे जमिनीवर पडले होते. शेडमध्ये ठिणग्या उडत होत्या. मी बाजेशेजारी उभी राहून रुमालानं माशा वारत होते.

बऱ्याच वेळानं आक्का म्हणाल्या, "केवढा खटाटोप केलास गं."

मी म्हटलं, शुक्रवारी बघा, औशापर्यंत तुम्हाला झोपच लागेल.

"शुक्रवारी मी येणार नाही."

सणावाराला कधी कधी आमचा वार बदलायचा. मला वाटलं तसंच काही असेल. शनिवारचं विचारते, म्हटलं.

"शनिवारी बी नाही, कुमुद. आता बास."

वाढणाऱ्या बाईला पानावर हात आडवा धरून म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. मी खाली दगडावर बसले. मला आधी दुःख झालं नाही. आधी आला तो राग. मी गाडीकडं हात करून विचारलं, "मग हे कशाला करू दिलंत?"

"तू विचारलंस का? तू ठरवलंस." मग म्हणाल्या, "आणि तुला सांगायचं कसं, ते मला कळंना."

बंद केलं की काय होतं ते माहीत आहे ना, असं मी विचारलं, आणि विचारून मीच ओशाळले. तीस वर्षं नर्स असलेल्या बाईला मी हे विचारत होते. त्यांनी मात्र नीट उत्तर दिलं. आठवडा, फार तर दोन. सूज येईल, दम लागेल, मग झोप येत राहील. दुखणार फारसं नाही. डॉक्टरांशी त्या बोलल्या होत्या. हृदय आधीच कमजोर झालंय, मशीन आता पूर्वीसारखं सोसत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तरी चालू ठेवा असाही त्यांचा आग्रह होता.

"मी ऐकून घेतलं त्यांचं," आक्का म्हणाल्या. "चांगला माणूस आहे."

एवढ्यात मिस्त्री हात पुसत आला. पिन निघाली होती. जुने पाटे घरी नेणार की इथंच सोडणार, एवढंच त्याला विचारायचं होतं. 

मी म्हटलं, "राहू द्या मिस्त्री. दुसऱ्या बाजूचं काही करू नका आता."

"बाई, एका अंगाला नवे बसलेत. दुसऱ्या अंगाला जुने ठेवले तर गाडी कलती चालंल. अशी गाडी मी रस्त्यावर सोडत नसतो."

आक्का कोपरावर उठल्या. "बसवा," त्या म्हणाल्या. "नीट बसवा. गाडी हिला नंतरही चालवायचीय."

मिस्त्री परत गाडीखाली गेला. मी उठून रस्त्याच्या कडेला गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रककडं तोंड करून उभी राहिले.

दिवस कलताना गाडी मिळाली. मागून अशी उंच झाली होती की ओळखू येईना. मिस्त्रीनं बोल्ट परत एकदा आवळले आणि थोडी चालवली की परत आवळून घ्या म्हणाला. येताना प्रत्येक गतिरोधकाला मी सवयीनं अंग आकसून घेत होते, आणि गाडी नुसती वर जाऊन खाली येत होती. कडक आपटत होती, पण घासत नव्हती. निलंग्यापर्यंत एकदाही घासली नाही. मला ते सोसवेना. मागं आक्का झोपल्या होत्या की डोळे मिटून होत्या, मी वळून बघितलं नाही.

बुधवारी मी गिरणी उघडली आणि दिवसभर दळत बसले. मध्येच चौकातल्या टेलिफोनवरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या नणंदबाईंनी मला स्पष्ट सांगितलंय आणि त्या पूर्ण शुद्धीत आहेत. मी अजून एकदा बोलू शकतो, पण ओढून आणू शकत नाही. तुम्ही बोलून बघा, म्हणाले. चुलत दिरांना बोलवावं का, असंही मनात आलं. ते आले असते, ओट्यावर बसून चहा पिऊन आक्कांना चार गोष्टी सांगितल्या असत्या. आक्कांनी त्यांना पाय धुऊन आलात का, असं विचारलं असतं. मी कुणालाच बोलावलं नाही.

गुरुवारी जेवताना मी बोलले. मी थकले असं कधी म्हटलंय का, कधी तोंड वाकडं केलंय का, असं काहीबाही. आवाज चढला माझा. आक्का सगळं ऐकत बिनमिठाची भाजी खात होत्या. नाही, कधीच नाही, एवढंच म्हणाल्या आणि ताट सारून उठल्या. संध्याकाळी मी गाडीच्या डिकीत ज्वारीची दोन पोती टाकली. कशासाठी टाकली ते मला सांगता येणार नाही. मिस्त्रीनं सांगितलं होतं म्हणून टाकली, असंच म्हणायचं.

शुक्रवारी पहाटे जाग आलीच. अंघोळ करून बाहेर आले तर आक्का ओट्यावर बसलेल्या. न्हाऊन, वेणी घालून, हिरवं इरकली लुगडं नेसून. निघू या, म्हणाल्या. मी काही विचारलं नाही. मागं उशा लावायला लागले तर त्या म्हणाल्या, आज पुढं बसते.

बदललं त्यांचं मन, असं मला वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला. आणि त्याच क्षणी, पुढचे सगळे मंगळवार आणि सगळे शुक्रवार दिसून माझे खांदे आपोआप खाली आले. दोन्ही खरं होतं. मी गाडी चालू केली.

गावाबाहेरच्या फाट्यावर मी सवयीनं उजवीकडं वळायला लागले.

"डावीकडं घे."

"आक्का, लातूर उजवीकडं."

"लातूर कुठंय ते मला ठाऊक आहे. कोरेवाडीला जाऊ."

कोरेवाडीच्या उपकेंद्रात आक्कांची निम्मी नोकरी गेली. मी तिथं कधी गेले नव्हते. डांबरी सोडून आत वळलं की दगडगोट्यांची गाडीवाट, मग ओढा, मग चढ. ओढ्यात पाणी थोडं होतं, दगड मोठे. मी थांबले.

"जाईल," आक्का म्हणाल्या. "व्यंकट मला इथं सोडून मागं फिरायचा. त्याची गाडी टेकायची. पुढं मी चालत जायची, बॅग घेऊन." त्यांनी वाकून खिडकीतून चाकाकडं बघितलं. "आता उंच झालीय ना. घाल."

मी घातली. गाडी हेलकावत, दगडांवरून उड्या खात ओढ्यातून गेली आणि चढावर लागली. कुठंच टेकली नाही. आक्कांनी दाराची कडी धरली होती, पण डोळे उघडे होते. दोन्हीकडच्या काळ्या रानात ज्वारी नुकती उगवून आली होती. कुणाचं रान कुठलं ते त्या सांगत होत्या. या घरची सून, त्या घरचा जुळा. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

सोजरबाईच्या दारात गाडी उभी केली. ही गावची सुईण. आक्का नव्यानं नोकरीवर आल्या तेव्हा गावातल्या बाया त्यांच्याकडं यायच्याच नाहीत, सगळ्या सोजरकडं जायच्या. दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मग एका पावसाळ्यात ओढा भरून आला, बाळंतीण अडली, आणि दोघींनी मिळून तिला सोडवलं. तिथून पुढं कुणाही घरी कळा सुरू झाल्या की दोघींना बोलावणं जायचं. हे मला आक्कांनी वाटेत सांगितलं होतं. वीस वर्षं एका घरात राहून मला सोजर हे नाव माहीत नव्हतं.

म्हातारी कमरेत वाकलेली होती. तिनं आक्कांना ओळखायला थोडा वेळ घेतला, मग त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "लई वाळलाव की, सिस्टर," म्हणाली आणि आत गेली. रांजणातलं पाणी तांब्यात भरून, वर फुलपात्र घालून घेऊन आली. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं असतं, तसं.

तिनं फुलपात्र भरून पुढं केलं आणि माझा हात मध्ये गेला.

तो मी घातला नाही, तो आपोआप गेला. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून असतं. दिवसाला अर्धा तांब्या, औषधाच्या गोळ्यांसकट. दीड वर्ष ते पाणी मी मोजत होते. उन्हाळ्यात आक्का बर्फाचा खडा जिभेवर ठेवून दुपार काढायच्या. चूळ भरायच्या तेव्हा मी न्हाणीच्या दारात उभी राहायची, त्या थुंकतात की गिळतात ते बघायला. त्यांनाही ते माहीत होतं. कधी काही बोलल्या नाहीत.

"त्यांना पाणी चालत नाही," मी म्हणाले.

सोजरबाईला काही कळेना. ती फुलपात्र धरून तशीच उभी. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. विनवणी नव्हती, रागही नव्हता. त्या थांबल्या होत्या, एवढंच. बाळंतिणीजवळ बसून त्या अशाच थांबत असतील.

मी हात काढून घेतला.

आक्का प्याल्या. एका दमात. दुसरंही प्याल्या. तिसरं पिताना मध्ये थांबून श्वास घेतला, हनुवटीवरून पाणी ओघळलं ते पदरानं टिपलं आणि उरलेलं प्याल्या. डोळे मिटले होते. "गोड आहे अजून," म्हणाल्या. सोजरबाई आणखी भरायला लागली. मी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि चौथं मी ओतलं.

दुपारपर्यंत आम्ही तिथं होतो. आक्कांनी ज्वारीची भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, कांद्याला मीठ लावून खाल्लं. चार बाया येऊन बसल्या. एक नवी सून दारातून विचारत होती, ह्या कोण. तिच्या नवऱ्याची नाळ आक्कांनी कापलेली. उपकेंद्राला कुलूप होतं, तिकडं जायला आक्का नको म्हणाल्या. निघायच्या आधी त्या सोजरबाईला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. बाहेर आल्यावर सोजरबाईनं त्यांच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. गाडीपर्यंत सोडायला आली.

ओढा ओलांडून आम्ही डांबरीला लागलो. मग विचारलं. आता विचारलं नाही तर जन्मभर कुढत बसावं लागेल, हे मला कळत होतं.

"आक्का, खरं सांगा. माझ्यासाठी करायलात का हे? मी थकले म्हणून?"

"नर्सला असं विचारू नये. लोकांना बरं वाटेल असं बोलायची आम्हाला सवय असते."

"म्हणूनच विचारते."

त्या पुढच्या रस्त्याकडं बघत बोलायला लागल्या. त्यांना दम लागला होता, बोलताना थांबावं लागत होतं.

"तू थकलीस ते मला दिसतं. तू झोपेत दात खातेस. पण म्हणून नाही थांबले." मग म्हणाल्या, "मी तर पहिल्या उन्हाळ्यातच थांबणार होते. व्यंकटला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू रोज त्याच्या चपला दारात काढून ठेवायचीस आणि परत आत न्यायचीस. घरात एकटी राहिली असतीस तर तुझं काही खरं नव्हतं. मंगळवार आला की तुला उठावं लागायचं, गाडी काढावी लागायची, माझ्यावर डोळे वटारावे लागायचे. मी म्हटलं, चालू दे."

मला समोरचा रस्ता नीट दिसेना. मी गाडी कडेला घेतली.

"सगळंच काही तुझ्यासाठी नव्हतं," आक्का म्हणाल्या. "जगावं असं मलाही वाटायचं की. पण बरंचसं तुझ्यासाठी आले मी, कुमुद. आता माझ्यासाठी थांबते. एवढं चालेल ना?"

मी मान हलवली. त्यांना ती दिसली का नाही कोण जाणे, कारण त्या खिडकीबाहेर बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, चल आता, पडावंसं वाटतंय. मी गाडी सुरू केली आणि अगदी हळू चालवत घरी आणली.

त्यानंतर त्या थोडेच दिवस होत्या. डॉक्टरांनी दम कमी व्हायची औषधं लिहून दिली, आमच्या गावातल्या डॉक्टरला समजावून सांगितलं. उद्या काय होईल ते आक्का मला आज सांगायच्या: उद्या पाय आणखी सुजतील, घाबरू नकोस, परवापासून मी फार झोपेन, उठवू नकोस. तसंच व्हायचं. सोमवारी सोजरबाई कुणाच्या तरी जीपमधून आली आणि राहिली. दोघी एकाच खोलीत निजायच्या. पाणी मागतील तेव्हा मी द्यायची. शेवटी शेवटी त्या मागतही नव्हत्या, मी कापूस भिजवून ओठांना लावायची. सकाळी गिरणीवर बायांची गर्दी असताना त्या गेल्या. सोजरबाईनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी गिरणी बंद केली.

कोरेवाडीहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली मातीला. दहाव्यापर्यंत घर भरलेलं होतं. चुलत दीर, जावा, त्यांची लेकरं. कुणीतरी सतत चहा करत होतं, कुणीतरी रडत होतं, आणि मला सगळे सारखे सांगत होते, तू फार केलंस गं तिचं.  दहाव्याची जेवणं झाली, एकेक करून सगळे गेले. सोजरबाईला मीच गाडीनं कोरेवाडीला सोडून आले.

परत आले तेव्हा ऊन होतं. मी चपला काढल्या, दार लोटलं आणि जमिनीवरच अंग टाकलं, जरा पाठ टेकावी म्हणून. जाग आली तेव्हाही ऊनच होतं. मला वाटलं थोडाच वेळ गेला असेल. मग शेजारच्या रेडिओवर दुसऱ्या दिवसाच्या बातम्या लागलेल्या ऐकू आल्या. मी एक आख्खी रात्र आणि एक सकाळ झोपले होते.

मला कुणी उठवलं नव्हतं.